व्रात्य : नियमाबाहेरच्यांना दिलेले नाव

आजच्या मराठीत ‘व्रात्य’ हे विशेषण मुख्यतः मुलांच्या वाट्याला आलेले आहे. शेजाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी घालून पळणारा, पाहुण्यांच्या देखत आजोबांची नक्कल करणारा, वर्गात मास्तरांची पाठ वळताच खडू फेकणारा मुलगा व्रात्य म्हणवला जातो. त्याच्या वागण्याला व्रात्यपणा म्हणतात, आणि प्रौढांसाठी हा शब्द योजायचाच झाला तर तो बहुधा ‘व्रात्य विनोद’ अशा जोडीत, शिष्टसंमत मर्यादेच्या किंचित पलीकडे गेलेल्या थट्टेसाठी येतो. चोर व्रात्य नसतो, लाचखाऊ अधिकारी व्रात्य नसतो, परवानगीवाचून चढवलेला मजलाही व्रात्य नसतो. त्यांच्यासाठी अरबी ‘कायदा’ या शब्दाला फारसी ‘बे’ हा उपसर्ग लावून तयार झालेले ‘बेकायदा’ आणि ‘बेकायदेशीर’ हे शब्द आहेत. नियम मोडणाऱ्याला लावल्या जाणाऱ्या विशेषणांत ‘व्रात्य’ हे आज सर्वांत निरुपद्रवी ठरावे, इतके ते सौम्य झाले आहे.

हेच विशेषण सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावर एका राजाच्या अभिषेकाआड उभे होते, आणि त्याच्याही आधी सुमारे दोन हजार वर्षे धर्मशास्त्रकार त्याचा अर्थ, त्याची मुदत आणि त्यावरचा उपाय ठरवण्यात गुंतले होते. एखाद्या समाजाने नियम मोडणाऱ्याला काय म्हटले, यावरून त्या माणसाविषयी जेवढे कळते त्याहून अधिक त्या नियमाविषयी कळते. ‘व्रात्य’ या शब्दाचा इतिहास हा मुख्यतः उपनयन नावाच्या एका संस्काराच्या सत्तेचा इतिहास आहे, आणि त्या शब्दाचे सौम्य होणे हे त्या सत्तेच्या ओसरण्याचे मोजमाप आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तो ‘व्रात’ म्हणजे जथा, टोळी या शब्दापासून आला, तर दुसऱ्या मताप्रमाणे त्याचा संबंध ‘व्रत’ या शब्दाशी, म्हणजे आचरणाच्या नियमाशी आहे. पहिले मत स्वीकारल्यास व्रात्य म्हणजे टोळीतला माणूस, आणि दुसरे स्वीकारल्यास व्रताशी कसला तरी खास, बहुधा बिघडलेला संबंध असलेला माणूस. पुढील काळातील ग्रंथकारांना दुसरा अर्थ सोयीचा वाटला असला, तरी जुना पुरावा पहिल्याकडे झुकतो. ऋग्वेदात ‘व्रात’ हा शब्द समूह या अर्थाने येतो. पाणिनीच्या व्याकरणात व्रातांच्या वृत्तीवर जगणाऱ्याचा उल्लेख आहे, आणि त्या सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने व्रात म्हणजे निरनिराळ्या जातींचे, ठरावीक उपजीविका नसलेले आणि अंगमेहनतीवर किंवा अंगबळावर जगणारे संघ, असे स्पष्टीकरण दिले आहे. म्हणजे आरंभी हा शब्द एका माणसाच्या दोषाचा नव्हता; गावात, शेतात, यज्ञवेदीपाशी स्थिर झालेल्या समाजाला आपल्या कडेने फिरणाऱ्या जथ्यांना द्यावे लागलेले ते नाव होते.

या जथ्यांचे सर्वांत तपशीलवार चित्र सामवेदाच्या तांड्य ब्राह्मणात सापडते. पंचविंश ब्राह्मण या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात व्रात्यस्तोम नावाच्या यज्ञाचे विवेचन आहे. स्तोम म्हणजे सोमयागात ठरावीक पद्धतीने व ठरावीक संख्येने गायिलेला स्तुतिमंत्रांचा समूह, आणि व्रात्यस्तोम म्हणजे व्रात्यांना वैदिक समाजात घेण्यासाठी करावयाचा याग. ग्रंथकाराचे व्रात्यांविषयीचे आक्षेप नेमके आहेत : ते ब्रह्मचर्य पाळत नाहीत, शेती करत नाहीत, व्यापार करत नाहीत, उच्चारायला सोप्या असलेल्या वाणीला ते अवघड म्हणतात, ज्याला दंड करू नये त्याला ते मारतात, आणि यज्ञाची दीक्षा घेतलेली नसताना दीक्षिताची भाषा बोलतात. यांतला शेवटचा आक्षेप विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यातून हे लोक परभाषी नव्हते, त्यांची भाषा वैदिकांच्या भाषेच्या अगदी जवळची होती, हे उघड होते. परक्या माणसाला नियम मोडता येत नाही. नियम मोडल्याचा आरोप आपल्यासारख्या दिसणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसावरच होऊ शकतो.

त्यांच्या म्होरक्याचा वेषही याच प्रकरणात वर्णिलेला आहे. त्याच्या डोक्याला उष्णीष म्हणजे पागोटे, हातात प्रतोद म्हणजे जनावरे हाकण्याचा पराणा, जवळ ‘ज्याह्रोड’ नावाचे एक प्रकारचे धनुष्य, अंगावर काळ्या काठाचे वस्त्र, एक काळे व एक पांढरे अशी दोन कातडी, गळ्यात चांदीचा निष्क नावाचा अलंकार, आणि आडवाटेने जाऊ शकणारा, फळ्या टाकलेला ‘विपथ’ नावाचा गाडा. हा वेष भिकाऱ्याचा नाही; चांदी आणि वाहन बाळगणाऱ्या, रस्ता नसलेल्या मुलखातून टोळी घेऊन हिंडणाऱ्या नायकाचा आहे. यज्ञ आटोपल्यावर ही सारी सामग्री टाकून द्यायची नसते. ती मगध देशातल्या ब्रह्मबंधूला, म्हणजे नावापुरत्याच ब्राह्मणाला, किंवा अजून व्रात्यवृत्ती न सोडलेल्यांना द्यावी, असे श्रौतसूत्रे सांगतात. सामानाबरोबर दोषही त्यांच्याकडे जातो आणि यज्ञ करणारे व्यवहार्य ठरतात. त्यांच्याशी रोटी, बेटी आणि यज्ञ यांचा संबंध ठेवायला मोकळीक होते. याच ग्रंथात निरनिराळ्या प्रकारच्या व्रात्यांसाठी चार निरनिराळे व्रात्यस्तोम सांगितले आहेत आणि त्यांत अगदी लहानांसाठी व अगदी वृद्धांसाठी वेगळी सोय आहे. नियमाबाहेरच्यांची नोंद करतानाच त्यांना आत घेण्याचा विधी सांगणे, हे या शब्दाचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य आहे.

याच्या अगदी उलट सूर अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात लागतो. अठरा पर्यायांचे, म्हणजे अठरा छोट्या प्रकरणांचे हे संपूर्ण कांड गद्यात असून त्याला व्रात्यकांड असेच नाव आहे. तेथे व्रात्य हा फिरत फिरत प्रजापतीला हलवून सोडतो, महादेव होतो, ईशान होतो, आणि इंद्रधनुष्य हे त्याचे धनुष्य होते. तो वर्षभर उभा राहतो तेव्हा देव त्याच्यासाठी बैठक आणतात आणि ऋतू तिचे पाय होतात. तो एकेका दिशेला निघतो तेव्हा दिवस त्याचे पागोटे होतो आणि रात्र त्याचे केस होते. तांड्य ब्राह्मणातले पागोटेच येथे विश्वाच्या आकाराचे झाले आहे. असा जाणता व्रात्य अतिथी म्हणून राजाच्या घरी आला तर राजाने त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावे, आणि अग्निहोत्राची तयारी झालेली असताना तो दारात आला तर यजमानाने आहुती देण्यापूर्वी त्याची अनुज्ञा घ्यावी, असेही या कांडात सांगितले आहे. वाजसनेयी संहितेतल्या पुरुषमेधाच्या, म्हणजे नरयज्ञाच्या, बळींच्या यादीत मात्र हाच व्रात्य गंधर्व आणि अप्सरांच्या वाट्याला दिलेला आहे. एकाच काळाच्या आसपासच्या वाङ्मयात एकाच शब्दाला इतका आदर आणि इतका तिटकारा मिळावा, याचा अर्थ नियमाबाहेर राहणाऱ्याविषयीचा समाजाचा निर्णय अजून पक्का झालेला नव्हता.

या आदराचा एक धागा उपनिषदांपर्यंत पोचतो. प्रश्नोपनिषदात प्राणाला व्रात्य म्हणून संबोधले आहे, आणि ही स्तुती आहे की निंदा हा प्रश्न नंतरच्या वाचकाला पडणे साहजिक होते. शंकराचार्यांनी त्यावर दिलेले उत्तर मार्मिक आहे : प्राण हा सर्वांच्या आधी जन्मला, त्याच्यावर संस्कार करायला दुसरा कोणी नव्हताच, म्हणून तो संस्काररहित आणि तरीही स्वभावतःच शुद्ध. शब्दाचा नंतर रूढ झालेला दोषवाचक अर्थ कायम ठेवून त्यातूनच गौरव काढून दाखवण्याची ही युक्ती आहे. तिच्यातून एवढे दिसते की शंकराचार्यांच्या काळापर्यंत ‘व्रात्य’ म्हणजे ‘असंस्कृत’ हे समीकरण पूर्ण रूढ झाले होते. अमरकोशातही व्रात्य याचा अर्थ संस्कारहीन असाच दिला आहे.

हे समीकरण धर्मसूत्रे आणि स्मृती यांनी घडवले. उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेऊन त्याला सावित्री, म्हणजेच गायत्री मंत्र, देण्याचा संस्कार. मराठीत त्याला मुंज म्हणतात, कारण त्या वेळी बटूच्या कमरेला मुंज नावाच्या गवताची मेखला बांधतात. मनुस्मृतीप्रमाणे उपनयनाचा काळ ब्राह्मणाला आठव्या, क्षत्रियाला अकराव्या आणि वैश्याला बाराव्या वर्षी येतो, आणि त्याची शेवटची मुदत अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस वर्षांची आहे. ही मुदत टळली की तो सावित्रीपतित, म्हणजे गायत्रीला मुकलेला, अर्थात व्रात्य होतो, आणि त्याच्याशी अध्ययनाचा वा विवाहाचा संबंध जोडू नये असा दंडक आहे. भटक्या जथ्याचे नाव अशा रीतीने घरातल्या मुलाच्या वयाशी बांधले गेले. आता व्रात्य होण्यासाठी गाव सोडण्याची गरज उरली नाही. बापाने वेळ चुकवली तरी पुरेसे होते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने या शब्दाचा आणखी एक उपयोग केला. तेथे व्रात्य ब्राह्मण, व्रात्य क्षत्रिय आणि व्रात्य वैश्य यांच्यापासून निरनिराळे समाज उत्पन्न झाले असे सांगून त्यांच्या याद्या दिल्या आहेत, आणि व्रात्य क्षत्रियांच्या यादीत झल्ल, मल्ल, लिच्छवी, खस, द्रविड अशी नावे आहेत. लिच्छवी आणि मल्ल ही गंगेच्या उत्तरेकडच्या गणराज्यांतली प्रसिद्ध कुळे होती; वर्धमान महावीरांची माता त्रिशला लिच्छवींच्या घराण्यातली मानली जाते आणि गौतम बुद्धांचे महापरिनिर्वाण मल्लांच्या कुशिनारा नगरात झाले. वैदिक यज्ञसंस्थेला न मानणाऱ्या आणि बुद्ध व महावीर यांना आश्रय देणाऱ्या कुळांना शूद्र वा म्लेच्छ न म्हणता व्रात्य क्षत्रिय म्हणणे, म्हणजे त्यांचे क्षात्रत्व मान्य करून त्यांच्यावर दोष ठेवणे होते. या विशेषणाची राजकीय उपयुक्तता तेथे प्रथम स्पष्ट दिसते. व्रात्य हा दोष अधिकार असलेल्यालाच लागू शकत होता. ज्यांना उपनयनाचा अधिकारच नाकारला होता, ते शूद्र आणि स्त्रिया व्रात्य होऊ शकत नव्हत्या. त्यांनी नियम मोडला असे म्हणता येत नव्हते, कारण नियमाच्या दारापर्यंत त्यांना येऊच दिले नव्हते.

दोष ठरला की त्याचे माप आणि त्याची फेड ठरवणे हा धर्मशास्त्राचा पुढचा उद्योग. आपस्तंब धर्मसूत्राने पिढ्यांचा हिशेब मांडला : ज्याचा स्वतःचा काळ टळला त्याला थोडक्या मुदतीचे ब्रह्मचर्य, ज्याचे वडील व आजोबाही अनुपनीत होते त्याला पिढीगणिक वाढते प्रायश्चित्त, आणि ज्याच्या कुळात पणजोबापासून उपनयन झाल्याचे कोणाला आठवतही नाही त्याला बारा वर्षांचे ब्रह्मचर्य. वसिष्ठ धर्मसूत्राने उद्दालकव्रत सांगितले : दोन महिने जवाच्या पेजेवर, एक महिना दुधावर, पंधरा दिवस आमिक्षेवर, म्हणजे गरम दुधात दही घालून फाडलेल्या चोथ्यावर, आठ दिवस तुपावर, सहा दिवस न मागता मिळेल त्या अन्नावर, तीन दिवस नुसत्या पाण्यावर आणि शेवटी एक दिवस निराहार. हे एकूण १२३ दिवस होतात. ज्याला हे नको त्याने अश्वमेधाच्या अवभृथस्नानाला, म्हणजे यज्ञाच्या शेवटच्या स्नानाला, हजर राहावे किंवा व्रात्यस्तोम करावा, असा पर्यायही तेथेच आहे. नियम जितका कडक तितकी त्यातून सुटण्याची वाट तपशीलवार, असा हा सारा मामला होता.

महाराष्ट्राच्या इतिहासात या वाटेला सर्वाधिक महत्त्व १६७४ साली आले. शिवाजी महाराजांनी विधिपूर्वक राज्याभिषेक करून घेण्याचे ठरवले, तेव्हा प्रश्न असा होता की वैदिक अभिषेकाला क्षत्रियत्व लागते आणि क्षत्रियत्वाला उपनयन लागते. महाराजांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांची मुंज झालेली नव्हती. त्यातच कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण उरले आहेत, मधले दोन लोपले आहेत, असे मत पंडितांच्या एका वर्गात प्रबळ होते. काशीचे गागाभट्ट, म्हणजे विश्वेश्वर भट्ट, हे मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातले. निर्णयसिंधूचे कर्ते कमलाकर भट्ट हे त्यांचे चुलते. भोसले कुळ मेवाडच्या सिसोदियांपासून आले असे मान्य करून गागाभट्टांनी अभिषेकाचा मार्ग मोकळा केला. या वंशावळीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; पण शास्त्रीय युक्तिवादाची घडण येथे अधिक बोलकी आहे. महाराजांना शूद्र म्हटले असते तर उपनयनाचे दार बंदच झाले असते. त्यांना केवळ क्षत्रिय म्हटले असते तर मुंज का झाली नाही, याला उत्तर नव्हते. ‘संस्कार लोपल्यामुळे व्रात्य झालेले क्षत्रिय’ ही तिसरी जागा शास्त्रात आधीपासून होती, आणि ती प्रायश्चित्ताने भरून निघणारी होती. प्रायश्चित्तानंतर शके १५९६ च्या ज्येष्ठ महिन्यात, २९ मे १६७४ रोजी, रायगडावर महाराजांचे उपनयन झाले. त्यानंतर त्यांच्या राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा करण्यात आले आणि ६ जून रोजी राज्याभिषेक झाला. दोष दाखवणारे विशेषण येथे अधिकाराचा दाखला ठरले, कारण व्रात्य मानणे म्हणजे मुळात क्षत्रिय मानणे होते.

तरीही वाद त्या एका विधीने मिटला नाही. कोणत्या जातीने मुंज करावी, कोणी वेदोक्त आणि कोणी पुराणोक्त मंत्र वापरावेत, या प्रश्नांवर पेशवाईत आणि नंतरही तंटे होत राहिले. अशा जातिबहिष्काराच्या तंट्यांना मराठीत ग्रामण्य म्हणत, आणि केशव सीताराम ठाकरे यांनी त्यांचा साद्यंत इतिहास स्वतंत्र ग्रंथात लिहिला. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू छत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी लक्षात आणून दिले, आणि वेदोक्त प्रकरण पेटले. छत्रपतींच्या घराण्याला वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, या वादात १६७४ चा अभिषेक दोन्ही बाजूंच्या तोंडी होता. मात्र शाहू महाराजांनी या वेळी प्रायश्चित्ताची भाषा स्वीकारली नाही. वेदोक्त कर्मे करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे वतन त्यांनी काढून घेतले, आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे स्वतंत्र पीठ स्थापून दार उघडून देणारा माणूसच बदलला.

त्याआधीच, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून विवाह लावण्याची प्रथा पाडून या सगळ्या चर्चेचा पाया नाकारला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. ज्या ग्रंथात व्रात्याची व्याख्या होती तोच ग्रंथ अग्नीला दिला गेला. १६७४ मध्ये नियम मानून त्यातून वाट काढली गेली, १८९९ नंतर नियम सांगणाऱ्याचा अधिकार नाकारला गेला, आणि १९२७ मध्ये नियमच नाकारला गेला. नियम नाकारणाऱ्याला व्रात्य म्हणण्यात काही अर्थ उरत नाही, कारण व्रात्य या शब्दात परत येण्याची अपेक्षा गृहीत आहे.

धार्मिक विधीत या दोषाची सावली मात्र अजून टिकून आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या नित्य वापरातला. राहून गेलेल्या संस्कारांबद्दल संस्कारागणिक पादकृच्छ्र, आणि चौल म्हणजे जावळ राहिले असल्यास अर्धकृच्छ्र, ही परंपरेची आकारणी त्यातही आहे. कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांच्या उपासाचे प्रायश्चित्त, आणि पादकृच्छ्र म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. लग्नाच्या आदल्या दिवशी घाईघाईने मुंज उरकताना गुरुजी या प्रायश्चित्ताचा संकल्प सांगतात आणि उपासाऐवजी गोनिष्क्रय, म्हणजे गाईच्या किमतीदाखल काही रुपये, दक्षिणेच्या ताटात ठेवले जातात. वसिष्ठाने सांगितलेल्या १२३ दिवसांची जागा काही मिनिटांनी घेतलेली असते, आणि आपण व्रात्य होतो हे नवरदेवाच्या ध्यानीही येत नाही.

शास्त्रातला हा शब्द मुलांना चिकटला कसा, याविषयी एक अनुमान करता येते. गौतम धर्मसूत्राप्रमाणे उपनयनाआधी मुलाला वाटेल तसे वागण्याची, बोलण्याची आणि खाण्याची मोकळीक असते. संस्काराने त्या मोकळिकीला लगाम बसतो. ज्याला लगाम बसलेला दिसत नाही तो व्रात्य, असे बोलीभाषेने मानले असावे. यात एक विसंगती आहे, कारण शास्त्राप्रमाणे आठ-दहा वर्षांचा मुलगा व्रात्य असूच शकत नाही. त्याची मुदत अजून संपायची असते. बंगालीत हाच शब्द उलट दिशेने गेला. तेथे ‘व्रात्य’ म्हणजे समाजाने कडेला टाकलेला, उपेक्षित माणूस, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘पत्रपुट’ या १९३६ च्या संग्रहातल्या एका कवितेत तो स्वतःसाठी अभिमानाने वापरला आहे. एका भाषेने शब्दातले बाहेर असणे जपले, तर दुसरीने त्यातले आत येणे जपले.

मराठीत अपराध्याला लावायची विशेषणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक माणसाला कायमचे बाहेर काढतात. गुंड, मवाली, बेकायदेशीर यांपैकी कोणत्याही शब्दापाशी परतीचा विधी नाही. ‘व्रात्य’ हा शब्द मात्र जन्मापासून व्रात्यस्तोम बरोबर घेऊन आला, आणि आज तो ज्या मुलाला लावला जातो ते मूल संध्याकाळी घरीच जेवते.